आपल्या गावाचा नकाशा आपण तपासू या



भूगोलाच्या पुस्तकात नकाशा तयार होऊनच येतो. तो कोणी काढला, केव्हा काढला आणि त्यात चूक असेल तर दुरुस्त कोणी करायची, हे परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून आपणही विचारत नाही. या अंकातील अभ्यासपाठ नेमका या प्रश्नांवर आहे. पाठ विद्यार्थ्यांसाठी असला तरी पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही तो वाचावा अशी आमची विनंती आहे, कारण यातले निम्मे काम मोठ्यांवाचून होणार नाही.

आपल्या भागाचा नकाशा नुकताच बदलला, हे पाठाचे निमित्त. ऑगस्ट 2023 मध्ये आपल्या जामसांवलीतच, श्री हनुमान लोकाच्या भूमिपूजनाच्या वेळी, पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली. 5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून निघून नवा जिल्हा झाला. घोषणा एका दिवसात होते, कागद मात्र एका दिवसात बदलत नाहीत. घरातले जुने दाखले, जमिनीची कागदपत्रे, बँकेची पासबुके काढून पाहा. त्यावर जिल्हा छिंदवाडा आहे. संगणकावरच्या नकाशांचेही तसेच. एखाद्या नकाशात नवी सीमा येते, दुसऱ्यात जुनीच राहते. नकाशा ही कोणीतरी, कधीतरी केलेली नोंद आहे, आणि नोंद शिळी होते, एवढे यातून ध्यानात घ्यावे.

नावाचेही पाहा. नव्या जिल्ह्याचे नाव मराठीत आपण पांढुर्णा असे ण काढून लिहितो, हिंदी पाटीवर पांढुर्ना असते. आपले गाव कोणी जामसांवली लिहितो, कोणी जाम सांवली असे तोडून, तर मराठी वळणाने लिहिणारा जामसावळी लिहितो. रोमन लिपीत तर विचारूच नका. ज्याला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. माणसाला हे सगळे एकच गाव आहे हे कळते. यंत्राला कळत नाही. त्याला प्रत्येक लेखन म्हणजे वेगळा शब्द. एका नावाने शोधले तर गाव सापडते, दुसऱ्याने शोधले तर 'असे ठिकाण नाही' असे उत्तर येते.

ही गोष्ट आपल्यासारख्या मराठी समाजासाठी साधी नाही. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे 8 मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. घरात मराठी आणि दप्तरात हिंदी अशी आपली रीत तेव्हापासून चालत आली आहे. दोन्ही भाषा आपल्याच आहेत, त्यात भांडण नाही. पण शेताचे, ओढ्याचे, वाडीचे, पांदणीचे जे नाव फक्त आजी-आजोबांच्या तोंडी आहे आणि कोणत्याच कागदावर नाही, ते त्यांच्याबरोबरच जाईल. कागदावर ते कोणी आणायचे, हा आजच्या पाठाचा एक भाग.

आधी थोडा इतिहास. हिंदुस्थानची शास्त्रशुद्ध मोजणी 1802 साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने सुरू केली. सुमारे अर्धा टन वजनाचे कोन मोजण्याचे यंत्र घेऊन तो दक्षिणेकडून त्रिकोणामागून त्रिकोण आखत वर आला आणि जानेवारी 1823 मध्ये आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथे आहे. सहलीला कोणी त्या बाजूला गेले तर अवश्य पाहावी. हे काम अचाट होते यात शंका नाही. मात्र ते राज्यकर्त्यांसाठी होते. सारा वसूल करणे आणि फौजा हलवणे यासाठी नकाशे हवे होते. स्वातंत्र्यानंतरही तपशीलवार नकाशे सामान्य माणसाच्या हाती सहज पडत नसत. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी वेगळे आणि जनतेसाठी वेगळे असे नकाशे केले. पुढे 15 फेब्रुवारी 2021 रोजी केंद्र सरकारने नियम आणखी सैल केले आणि भारतीय व्यक्तीला वा संस्थेला नकाशे करण्यासाठी आधी परवानगी मागण्याची गरज उरली नाही. संवेदनशील जागांविषयीचे निर्बंध कायम आहेत, ते पाळायचेच. पण आपल्या गल्लीचा, हापशीचा, शाळेच्या रस्त्याचा नकाशा विद्यार्थी काढू शकतो. लॅम्बटनच्या काळापासून मोजले तर हा बदल फार मोठा म्हटला पाहिजे.

आता संगणकाकडे वळू. खेड्यात संगणक आला की कारभार सुधारेल, ही आशा आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूरकडे वारणेच्या सहकारी कारखान्याच्या परिसरातील 70 गावांसाठी 1998 साली संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. आपल्याच मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात 1 जानेवारी 2000 रोजी 'ज्ञानदूत' सुरू झाले. गावोगावच्या 'सूचनालयां'तून मंडीचे भाव, खसऱ्याच्या नकला, तक्रारीचे अर्ज मिळू लागले. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुढे वीज आणि टेलिफोनच्या तारा यांनी दगा दिला आणि उत्साह ओसरला. वारणेला तर काही वर्षांनी असे दिसले की शेतकऱ्याला हवी असलेली माहिती, म्हणजे आपल्या उसाचे वजन, खताची नोंद, तोडीची पाळी, ही साध्या मोबाइलच्या लघुसंदेशानेही मिळू शकते. काही गावांत तसा प्रयोग झालाही.

या दोन्ही योजना चांगल्या होत्या, आणि त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु दोन्हींत माहिती मुख्यत्वे वरून खाली येत होती. गावकऱ्याने विचारायचे, यंत्राने सांगायचे. यंत्राने सांगितलेले चूक असेल तर? ते दुरुस्त करण्याची खिडकी तेथे नव्हती.

ती खिडकी ज्यात आहे अशा एका कामाची ओळख करून घेऊ. 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा नकाशा सुरू केला. तेथील सरकारी नकाशांची माहिती वापरायला पैसे पडत. त्याचे म्हणणे असे, की लोकांनीच चालून, फिरून, मोजून नकाशा केला तर तो सर्वांचा होईल. आज जगभरचे स्वयंसेवक तो भरत असतात. विकिपीडियाचा जो मार्ग, तोच हा. (मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून चालू आहे, आणि त्यातले लेखही तुमच्या-आमच्यासारख्यांनीच लिहिले आहेत.) कोणीही खाते उघडून भर घालू शकतो, दुरुस्ती करू शकतो. मग कोणी खोडसाळपणा केला तर? पालकांना हा प्रश्न पडणारच. उत्तर असे की प्रत्येक बदल कोणत्या खात्यावरून आणि केव्हा झाला याची नोंद राहते, आणि चुकीचा बदल मागे घेता येतो. चूक अजिबात होणार नाही, अशी हमी यात नाही. चूक झाली तर ती उघड्यावर राहते आणि दुसरा ती पाहू शकतो, एवढीच हमी.

याचा उपयोग काय, हे 2010 साली दिसले. 12 जानेवारीला हैती या देशात मोठा भूकंप झाला. राजधानीचा उपयोगी पडेल असा तपशीलवार नकाशा मदत पथकांच्या हाती नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची चित्रे समोर ठेवून थोड्याच दिवसांत रस्ते, मोडलेल्या इमारती, तंबूंच्या वस्त्या नकाशावर आणल्या. आपल्या देशात ऑगस्ट 2018 च्या केरळच्या महापुरात तरुण संगणक अभियंत्यांनी आणि विद्यार्थ्यांनी मदत मागणाऱ्यांची नोंद ठेवणारे संकेतस्थळ उभे केले; त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला होता, म्हणून अनेकांना एकाच वेळी त्यावर काम करता आले. पण हैतीच्या कामातली एक मर्यादाही लक्षात घ्यावी. हजारो मैलांवर बसलेला माणूस उपग्रहाच्या चित्रावरून रस्त्याची रेघ ओढू शकतो. त्या रस्त्याला गावात काय म्हणतात, पावसाळ्यात तो चालू असतो की चिखलाने बंद होतो, हे त्याला कोठून कळणार?

हाच मुद्दा आपल्या अंगणातल्या एका सरकारी योजनेत फार स्पष्ट दिसतो. योजनेचे नाव 'स्वामित्व'. 24 एप्रिल 2020 रोजी ती सुरू झाली. शेतजमिनीचे नकाशे आणि खसरे पूर्वीपासून आहेत, पण गावातल्या घरांची जागा, जिला आपल्या राज्यात आबादी आणि महाराष्ट्रात गावठाण म्हणतात, तिचा घरवार नकाशा पुष्कळ ठिकाणी नव्हताच. कर्ज मागायला गेले की घराचा कागद नाही, भावाभावांत वाद झाला की पुरावा नाही. 11 ऑक्टोबर 2020 रोजी 6 राज्यांतील 763 गावांत पहिली मालमत्ता कार्डे दिली गेली. त्यांत महाराष्ट्राची 100 आणि मध्य प्रदेशाची 44 गावे होती. 18 जानेवारी 2025 रोजी तर एका दिवसात देशभरात 65 लाखांहून अधिक कार्डांचे वाटप झाले.

काम कसे होते ते नीट समजून घ्या. आधी ग्रामसभेत सूचना दिली जाते. मग पटवारी, पंचायतीची माणसे आणि घरमालक मिळून प्रत्येक जागेच्या कडेने चुन्याची रेघ मारतात. नंतर ड्रोन उडते आणि वरून चित्रे घेते. त्यावरून भारतीय सर्वेक्षण विभाग नकाशा तयार करतो. तो कच्चा नकाशा गावात आणून प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहतात, लोकांना दाखवतात, हरकती मागवतात, आणि त्यानंतर नोंद पक्की होते. आपल्या राज्यात तिला अधिकार अभिलेख म्हणतात.

ड्रोनची मोजणी काही सेंटीमीटरपर्यंत अचूक असते. भिंत कोठे आहे हे ते आपल्या टेपपेक्षा बरे सांगते. परंतु दोन छपरे एकमेकांना टेकली असतील तर खालची बोळ त्याला दिसत नाही. आणि घर कोणाचे, अंगण सामाईक की एकाचे, विधवा काकूंचा वाटा कोणता, हे तर कोणत्याही उंचीवरून दिसणार नाही. ते चुन्याची रेघ मारणाऱ्यांनी सांगायचे असते. आमच्या मते या साऱ्या योजनेत सर्वांत महत्त्वाचे दिवस दोनच : चुना टाकण्याचा आणि कच्चा नकाशा गावासमोर येण्याचा. त्या दोन दिवशी जो नागपूरला कामावर गेला असेल, किंवा जी बाई 'पुरुषमंडळी बघतील' म्हणून घरात बसली असेल, त्यांचे म्हणणे नोंदीत कसे येईल? पुढे दुरुस्ती होत नाही असे नाही. पण पक्की नोंद बदलायला अर्ज, तारखा आणि हेलपाटे आलेच. तेव्हा पालकांनो, घराचा कागद हाती आला असेल तर तो कपाटात ठेवण्याआधी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. नाव, वडिलांचे नाव, हद्द, क्षेत्र. वाचता येणारे मूल घरात असणे याचा हाही एक उपयोग आहे.

मोठ्याने वाचण्यावरून राजस्थानची आठवण होते. पाली जिल्ह्यातील कोट किराना गावी 2 डिसेंबर 1994 रोजी मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरवली. पंचायतीच्या कामांचे हजेरीपट आणि बिले चारचौघांत वाचून दाखवली. लोकांनी ऐकले, आणि कोणत्या कामावर कोण होते आणि कोण नव्हते ते तेथल्या तेथे सांगितले. तेथून निघालेली वाट 2005 च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत गेली. त्याच राजस्थानात 13 सप्टेंबर 2019 रोजी 'जन सूचना पोर्टल' सुरू झाले, ज्यावर अनेक योजनांच्या नोंदी अर्ज न करता पाहता येऊ लागल्या. पूर्वी जी वही मागावी लागे ती आता पडद्यावर आली. ती वाचून 'हे खरे नाही' म्हणणारा माणूस मात्र तेव्हाही लागला आणि आताही लागतो.

आता आपले काम. या सत्रात आम्ही सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या परिसराचा खुला नकाशा तपासण्याचा उपक्रम ठेवला आहे. त्यासाठी थोडे गणित हवे.

मोबाइलवर ठिकाण पाहिले की दोन आकडे दिसतात. सौंसरसाठी ते साधारण 21.65 आणि 78.79 असे येतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. अक्षांशाचा 1 अंश म्हणजे जमिनीवर सुमारे 111 किलोमीटर. मग दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक सुमारे 11 किलोमीटर दाखवतो, दुसरा 1.1 किलोमीटर, तिसरा 111 मीटर, चौथा 11 मीटर आणि पाचवा सुमारे 1 मीटर. म्हणजे दोनच अंक लिहिले तर गाव सापडेल, हापशी सापडणार नाही. पाच अंक लिहिले की हापशी सापडते. त्यापुढचे अंक लिहिण्यात अर्थ नाही, कारण साध्या मोबाइलची चूकच उघड्या आकाशाखाली काही मीटरची असते, आणि पिंपळाखाली किंवा उंच भिंतीजवळ ती वाढते. (आपल्या मारुतीरायाचे देऊळ पिंपळाखाली आहे, तेव्हा तेथे आकडा घेताना मोकळ्या जागेत येऊन घ्यावा!) रेखांशाचा अंश मात्र आपल्या भागात 111 नसून सुमारे 103 किलोमीटरचा भरतो. असे का, हे गणिताच्या तासाला गुरुजींना विचारा.

नकाशात गोष्टी तीन प्रकारे दाखवतात. हापशी, विहीर, बसथांबा हे ठिपके. रस्ता, नाली, नदी या रेषा. शाळेचे आवार, तळे, बगीचा हे घेर. प्रत्येकाला माहितीचे रकाने जोडता येतात : हापशी चालू की बंद, पाणी बारमाही की हंगामी, रस्ता डांबरी की मुरमाचा. नावासाठी मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे वेगळे रकाने असतात, आणि पर्यायी लेखनासाठी आणखी एक. म्हणजे पांढुर्णा आणि पांढुर्ना यांत कोणाला हरवावे लागत नाही; दोघांनाही जागा आहे.

कामाची आमची सूचना अशी. चार-चार जणांचे गट करावेत, प्रत्येक गटात एक मुलगी तरी असावी आणि बरोबर एक पालक. आधी कागदावर पेन्सिलीने नकाशा काढावा, मोबाइल नंतर. सुरुवात नदीपासून करावी, कारण जाम आणि सर्पा यांचा संगम हीच आपल्या गावाची सर्वांना ठाऊक असलेली खूण. मग पांदण रस्ते घ्यावेत. मोटारगाडीसाठी केलेल्या नकाशांत ते बहुधा नसतात, पण संत्रा आणि कापूस त्यांवरूनच घरी येतो आणि शेतातला आजारी माणूसही त्यांवरूनच बाहेर येतो. 108 ला फोन केल्यावर 'मोठ्या आंब्याच्या पुढे' असे सांगून गाडी पोहोचत नाही. शनिवारी आणि मंगळवारी देवळात बाहेरगावची गर्दी असते. त्या लोकांना पिण्याचे पाणी, शौचालय, गाडी उभी करण्याची जागा कोठे हे कळले तर गावातल्या गल्ल्याही मोकळ्या राहतील.

तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून पाहून उतरवू नये. ती त्यांची मालमत्ता आहे आणि त्यांची चूकही आपल्या पदरात पडते. स्वतः पाहिलेले किंवा विचारून खात्री केलेले तेवढेच लिहावे. आणि कोणत्या घरात कोण राहते, कोणाचा फोन क्रमांक काय, कोण म्हातारी एकटी असते, असले काहीही खुल्या नकाशावर टाकू नये. खुला नकाशा चांगल्या माणसाला दिसतो तसा वाईटालाही दिसतो.

नावे विचारताना घाई करू नये. एकाच ओढ्याला दोन वाड्यांत दोन नावे असू शकतात. एका आजोबांनी सांगितलेले नाव दुसऱ्या वाडीतल्या मावशींना विचारावे. दोन्ही खरी असतील तर दोन्ही लिहावीत. आपल्याला कोणते आवडते हा प्रश्न नाही.

विश्वस्तांना एक विनंती. तपासलेला नकाशा मोठ्या कागदावर छापून 26 जानेवारीच्या ग्रामसभेत भिंतीवर लावू द्यावा आणि मुलांना तो वाचून दाखवू द्यावा. बंद हापशा किती, कोणती नाली अर्ध्यात संपते, शाळेच्या वाटेवर कोठे पाणी साचते, हे सरपंचांना आणि सचिवांना ठिकाणासह दाखवता येईल. नुसती तक्रार 'होईल, पाहू' म्हणून सोडता येते. ठिकाण, तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव असलेली नोंद तशी सोडणे अवघड जाते. यात कोणावर ठपका ठेवणे नाही. पंचायतीलाही पुष्कळदा हीच माहिती हवी असते आणि गोळा करायला माणसे नसतात.

स्वाध्याय. आपल्या घरातील कोणतेही पाच जुने-नवे कागद घेऊन त्यांवर गावाचे, तहसिलीचे आणि जिल्ह्याचे नाव कसे लिहिले आहे त्याचा तक्ता करा. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता पावलांनी मोजा, खुल्या नकाशावरच्या अंतराशी ताडून पाहा आणि फरक आला तर कारण शोधा. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारून शेत, ओढा, टेकाड किंवा पांदण यांचे असे एक तरी नाव लिहून आणा जे तुम्ही कोठेही छापलेले पाहिलेले नाही. ते नाव कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि दुसऱ्या कोणाकडून पडताळले, हेही खाली लिहावे. पडताळणी नसलेली वही परत केली जाईल.